बसाकाकांचं उठणं

टीव्हीचा रिमोट सोफ्याखाली गेला नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं, असं बसाकाका अजूनही सांगतात. रिमोट गेला, तो काढायला काका जमिनीवर बसले, हात लांब करून त्यांनी तो काढलाही, आणि मग उठायचं तेवढं राहून गेलं. 'राहून गेलं' हे त्यांचेच शब्द. काकू वाचनालयातून परतल्या तेव्हा काका सोफ्याला टेकून, पाय पसरून, मासेमारीच्या जाळ्यांवरचा एक माहितीपट मन लावून बघत होते, कारण एवढं करून रिमोटची बॅटरी संपलेली निघाली होती. काकूंनी विचारलं, खाली का बसलात. काका म्हणाले, बरं वाटतं जरा. काकूंनी पुस्तकांची पिशवी ठेवली, दोन्ही हात दिले, दोन हिसक्यांत काकांना उभं केलं आणि चहा ठेवायला आत गेल्या. प्रकरण इथेच मिटलं असं काकांना वाटलं.

आता त्यांना बसाकाका का म्हणतात ते सांगायला हवं. काकांची सगळी नोकरी फर्निचरच्या एका मोठ्या शोरूममध्ये गेली. गिऱ्हाईक दारात दिसलं की काका पुढे होत आणि म्हणत, "घेऊ नका हो, पण बसून तर बघा." माणूस बसला की सोफा त्याला आत ओढून घेई. बाहेर पडायला धडपड करावी लागे, आणि तेवढ्या वेळात काका कापडाचे नमुने दाखवून मोकळे होत. निम्मं शहर त्यांनी असं बसवलं. बसलेली माणसं पुढे उठतात कशी, हा विभाग त्यांच्याकडे नव्हता. निवृत्त होताना मालकांनी हवा तो सोफा निवडायला सांगितला तेव्हा काकांनी व्यावसायिक अभिमानाने सगळ्यांत खोल सोफा निवडला. तोच हा सोफा.

संध्याकाळी मुलाचा फोन आला आणि काकूंनी त्याला सगळं सांगितलं. तक्रार म्हणून नाही, घरातली बातमी म्हणून. पण मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो, मोठ्या हुद्द्यावर आहे, आणि बातमी ऐकली की तिच्यावर उपाय योजल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. त्याचा उपाय तयारच होता. त्याने आपल्या घरी आईबाबांसाठी एक खोली केव्हाच सजवून ठेवली होती. काकांनी ती एकदा पाहिली होती. खोली स्वच्छ होती, उजेडाची होती, खुर्ची घडीची होती, ते एक वेळ सोडून देऊ. पण पलंगाच्या उशाशी भिंतीवर एक घंटी बसवलेली होती. लागलं सवरलं तर दाबायची, कोणीतरी येईल, असं सुनेने प्रेमाने सांगितलं होतं. त्या घंटीचा काकांनी धसका घेतला होता. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांना 'या, बसा' म्हटलं त्याने घंटी दाबून कोणीतरी येण्याची वाट बघत पडायचं, हे चित्र त्यांना सहन होत नसे.

शिवाय हे घर. लग्न झाल्यावर लगेच ते दोघं या घरात आले होते. तेव्हा घरात काकूंनी माहेरून आणलेली एक लाकडी खुर्ची आणि एक स्टोव्ह एवढंच होतं. बाकीचं सगळं त्यानंतर आलं, मुलासकट.

फोनवर बरीच वादावादी झाली. काका म्हणाले, मी सहज बसलो होतो. मुलगा म्हणाला, मग सहज उठायचंत. शेवटी मुलाने एक तोड काढली. पुढच्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी तो येईल. काकांनी त्याच्यासमोर जमिनीवर बसायचं आणि कोणाचाही हात न घेता उठून दाखवायचं. उठले तर विषय बंद, पुन्हा तो कधी काढणार नाही. नाही उठले तर सामान बांधायचं. काकांनी तावातावाने हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर काकूंना बजावलं, की आजपासून मला कोणी हात द्यायचा नाही, काहीही झालं तरी. काकू बरं म्हणाल्या. त्यांना काही बजावलं की त्या ते शब्दशः पाळतात, हा त्यांचा स्वभाव काका दरवेळी विसरतात.

दुसऱ्या दिवशी मुलाने पाठवलेली फिजिओथेरपीवाली मुलगी आली. ती हसतमुख होती, कामात तरबेज होती, आणि तिने दारातच काकांना "आजोबा" म्हटलं. ज्यांना अख्खी इमारत काका म्हणते त्यांना एका शब्दात एक पिढी वर ढकलण्याचा हा प्रकार काकांना झोंबला. मुलगी जमिनीवर आडवी झाली आणि तिने करून दाखवलं. आधी कुशीवर वळायचं. मग हातागुडघ्यांवर यायचं. रांगत जवळच्या खुर्चीपर्यंत जायचं, बैठकीवर दोन्ही हात टेकायचे, एक पाऊल पुढे घ्यायचं आणि जोर देऊन उभं राहायचं.

"रांगत?" काकांनी विचारलं.

"रांगतच," मुलगी म्हणाली. "कसं दिसतं ते बघायचं नाही, आजोबा. उठलो की झालं."

काकांनी तिचे आभार मानले आणि पुढची वेळ फोन करून कळवतो असं सांगितलं. तो फोन त्यांनी अजून केलेला नाही. मुलासमोर उठून दाखवायचं म्हणजे ताठ मानेने उठून दाखवायचं, घरभर रांगून नव्हे, एवढं त्या पोरीला कळायला हवं होतं असं त्यांचं मत पडलं.

तेव्हा सल्ल्यासाठी ते कॅप्टनकडे गेले. कॅप्टन वरच्या मजल्यावर राहतात. हयात मालवाहू जहाजांवर गेली, आता सोसायटीचे चेअरमन आहेत, आणि इमारतीतल्या प्रत्येकाच्या प्रकृतीवर त्यांची देखरेख असते. कॅप्टन म्हणाले, यात काहीच नाही. मांडी घालून बसायचं, पावलं आडवी ठेवायची, अंग पुढे टाकायचं आणि सरळ उभं राहायचं. हात कशाला लागतात? डेक डुलत असताना आम्ही असे दिवसातून कितीदा उठत होतो. हे ते लिफ्टपाशी उभ्याउभ्याच सांगत होते, त्यामुळे करून दाखवा असं म्हणणं बरं दिसलं नसतं. जाता जाता त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि सगळं घोटाळ्यात गेलं ते तिच्यामुळेच. ते म्हणाले, घरात सोफा आहे तोवर तुमचं काही खरं नाही. परतीची वाट तोडा.

हे काकांना तत्काळ पटलं. सोफा समोर असताना माणूस जमिनीवर बसत नाही हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? त्यांनी हमाल बोलावले आणि दिवाणखाना रिकामा करायला घेतला. सोफा, त्याच्या दोन सुट्या खुर्च्या, जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या, टीपॉय, सगळं बाहेर. पलंगाला हात लावायचा नाही असं काकूंनी आधीच सांगितलं होतं. खिडकीपाशी ठेवलेल्या त्यांच्या जुन्या लाकडी खुर्चीकडे हमाल वळले तेव्हा त्या तीत पुस्तक घेऊन बसलेल्याच होत्या. पान उलटत त्या म्हणाल्या, "ही खुर्ची हलणार नाही." हमालांनी काकांकडे पाहिलं. काकांनी खिडकीबाहेर पाहिलं.

सगळ्या खुर्च्या आणि टीपॉय कॅप्टनच्या माळ्यावर गेले. सोफ्याने मात्र दगा दिला. तो घरात आला तेव्हा लिफ्टला जाळीचं रुंद दार होतं. मधल्या काळात लिफ्ट नवी झाली आणि दार अरुंद झालं. जिन्याच्या वळणावर सोफा तिरका घातला, उभा घातला, पाय काढून घातला, पण तो वळेना. फर्निचरमधला माणूस म्हणून काका सूचना देत होते, आणि जसजशा सूचना वाढल्या तसतसा सोफा भिंतीत रुतत गेला. शेवटी हमालांनी तो ओढून काकांच्या मजल्यावरच्या मोकळ्या जागेत, लिफ्टसमोर आणून ठेवला आणि त्यांनी जेवायची सुट्टी घेतली. ते परत आले नाहीत.

इमारतीला मात्र सोफा आवडला. पहिल्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या एक बाई पिशव्या टेकवून क्षणभर बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्याशी बोलायला दुसऱ्या बाई थांबल्या. मग पार्सलवाले तिथे डुलकी काढू लागले, लहान मुलं उड्या मारू लागली, आणि सहाव्या मजल्यावरची माणसं मुद्दाम काकांच्या मजल्यावर उतरून, जरा बसून, मग वर जाऊ लागली. व्यायामासाठी घरातून हाकललेल्या सोफ्यावर सगळी इमारत आरामात बसलेली आणि आपण आत फरशीवर, हे काकांना रोज दार उघडलं की दिसायचं. बाहेरून आलं की त्यांचेही पाय आपोआप सोफ्याकडे वळत. ते घाईघाईने किल्ली काढून घरात शिरत.

आठवड्याभरात सोसायटीच्या सेक्रेटरींची नोटीस आली. सेक्रेटरी सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले आहेत. लग्नाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा ते संदर्भ क्रमांक घालून देतात. सार्वजनिक जागेत खासगी बैठकव्यवस्था उभारल्याबद्दल खुलासा मागवला होता. काकांनी उत्तर दिलं की सोफा मी सोसायटीलाच देऊन टाकतो. सेक्रेटरींनी कळवलं की देणगीच्या वस्तूची कार्यकारिणीला दात्याच्या राहत्या घरी जाऊन पाहणी करावी लागते, आणि सोफा तर राहत्या घराबाहेर आहे. पाहणी करायची तर तो आधी घरात न्यायला हवा. घरात नेला तर नोटिशीचं कारणच उरत नाही. कारण उरलं नाही तर देणगी कशाबद्दल? या पेचावर दोघांमध्ये पत्रव्यवहार झाला, तोही एकाच जिन्यावरून एकमेकांना नमस्कार करून पुढे जाता जाता. अखेर सेक्रेटरींनीच तोडगा सुचवला. कार्यकारिणी काकांच्या घरी सभा घेईल, सोफा येताना दारातच पाहिला जाईल, आणि पाहणी घरात झाली असं मानलं जाईल. तारीख ठरली. शेवटचा रविवार, सकाळी. मुलगा दुपारी यायचा होता, त्यामुळे काकांनी हरकत घेतली नाही.

या सगळ्या गडबडीत काकांचा सराव चालू होता, आणि इथे एक गोष्ट कानात सांगायला हवी. कॅप्टनची पद्धत त्यांना जमली नाही. मांडी घालून ते अंग पुढे टाकत, डुलत, पुन्हा मागे येत. पण झोपायच्या खोलीत, कडी लावून, ते त्या मुलीने सांगितलेलं करून पाहत होते. कुशीवर वळत, रांगत पलंगापर्यंत जात, गादीवर हात टेकून उठत. पहिल्यांदा जमलं तेव्हा पलंगाच्या कडेला बसून त्यांना इतका आनंद झाला की तो कोणाला तरी सांगावासा वाटला. पण सांगायचं काय, मी रांगलो? लिफ्टपाशी भेटल्यावर कॅप्टननी विचारलं, जमतंय का. काका म्हणाले, जमतंय की, एकदम सरळ. ही बातमी सोफ्यावर बसणाऱ्यांमार्फत इमारतभर गेली. या वयात काका हात न लावता उठतात म्हणे. लोक लिफ्टचं दार त्यांच्यासाठी धरू लागले, आणि मग त्यांना लिफ्ट लागत नसेल असं वाटून दार सोडूही लागले.

शेवटचा रविवार उजाडला. कार्यकारिणी आली. कार्यकारिणी म्हणजे चेअरमन कॅप्टन, सेक्रेटरी आणि खजिनदार बाई. खजिनदार बाई शाळेत शिक्षिका होत्या. जसं काकांनी जन्मभर लोकांना बसवलं तसं त्यांनी जन्मभर मुलांना उभं केलं होतं, वर्गात, वर्गाबाहेर आणि बाकावर. तिघंही दिवाणखान्यात आले आणि थबकले. बसायला काही नव्हतं. एकच खुर्ची होती आणि तिच्यात काकू वाचत बसल्या होत्या. सेक्रेटरी म्हणाले, चार मिनिटांचं काम आहे, उभ्यानेच उरकू.

इथे काकांनी गप्प राहायला हवं होतं. पण समोर माणसं उभी दिसली की त्यांच्या तोंडून जे निघायचं ते निघालंच. "उभे कशाला? बसून तर बघा." आणि त्यांनी फरशी विकायला सुरुवात केली. कशी गार लागते, पाठ कशी ताठ राहते, हिला कधी कापड बदलावं लागत नाही, झुरळं होत नाहीत, जन्मात मोडत नाही. गिऱ्हाईक बसतं करण्याची त्यांची हातोटी जराही कमी झालेली नव्हती. डुलत्या डेकची कीर्ती सांभाळायची असल्याने कॅप्टन आधी बसले. त्यांच्या मागोमाग बाई बसल्या. चेअरमन बसलेले असताना सेक्रेटरीने उभं राहणं शिष्टाचारात बसेना, म्हणून फाईल छातीशी धरून सेक्रेटरीही बसले. मग काका मांडी घालून समोर बसले.

सोफ्याचा ठराव लगेच मंजूर झाला. सेक्रेटरींनी फाईल मिटली. आता उठायचं होतं.

कोणीच उठलं नाही. कॅप्टननी काकांकडे पाहिलं. काका हात न लावता उठतात हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ते पहिले उठले तर बाकीच्यांना काहीतरी बघून शिकता आलं असतं. काकांनी कॅप्टनकडे पाहिलं. पद्धत कॅप्टनची, तेव्हा मान त्यांचा. खजिनदार बाईंनी हळूच एक हात जमिनीवर टेकला आणि कोणी पाहिलं म्हणून त्याच हाताने फरशीवरची धूळ झटकली. सेक्रेटरी खाकरले आणि म्हणाले, ऐनवेळचे विषय काही असतील तर घेऊन टाकू.

विषय निघाले. टाकीच्या झाकणाचा, सायकलींचा, कबुतरांच्या जाळीचा. कॅप्टन आणि सेक्रेटरी यांच्यात गच्चीच्या किल्लीवरून कित्येक वर्षं अबोला होता, फक्त पत्रातून बोलणं चालत असे. तो वाद त्या दिवशी मिटला, कारण पाय मुंगावलेल्या माणसाला फार ताणून धरता येत नाही. काकूंनी पुस्तकातून डोकं वर करून चहा ठेवू का असं विचारलं. आधी सगळे नको म्हणणार होते, पण चहा म्हणजे आणखी थोडं बसायला रीतसर कारण मिळत होतं. चहा झाला. मग आणखी एकदा झाला. दुसऱ्या चहानंतर सेक्रेटरींच्या चेहऱ्यावर काळजी दिसू लागली आणि ते स्वच्छतागृहाच्या दाराकडे दूरच्या नातेवाइकाकडे बघावं तसे बघू लागले. बाईंनी आपल्या एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगितली. तो फार वेळ उभा राहिला होता, इतकंच तिच्यात घडलं होतं. सगळ्यांनी ती लक्ष देऊन ऐकली.

काकांना एकीकडे भीती वाटत होती. मुलगा यायची वेळ होत होती. ही मंडळी गेली असती तर निदान दार लावून एकट्या मुलासमोर जे व्हायचं ते झालं असतं. पण मंडळींना जा म्हणायचं तर उठून दाराशी जायला हवं, आणि तिथेच गाडं अडलं होतं. काकांनी काकूंकडे पाहिलं. काकू पान उलटत होत्या. कोणी हात द्यायचा नाही, असं त्यांना बजावलेलं होतं.

दार उघडंच होतं. मुलगा आत आला. रिकाम्या दिवाणखान्यात वडील आणि तीन ज्येष्ठ माणसं ताठ मांडी घालून गोलात बसलेली पाहून तो चकित झाला. त्याला त्यात शिस्त दिसली. "बस," काका म्हणाले, सवयीने. मुलगा बूट काढून बसला. बसताना त्याच्या गुडघ्यातून कडकड असा आवाज आला आणि विजारीची शिवण कुठेतरी कुरकुरली. कॉलेज सुटल्यापासून तो खुर्चीखाली उतरलेलाच नव्हता. क्षणभर इकडचं तिकडचं बोलून तो म्हणाला, "मग बाबा, ठरल्याप्रमाणे?"

आता सगळे काकांकडे बघू लागले. कॅप्टननी मान पुढे काढली. काकांनी पावलं आडवी ठेवली, अंग पुढे टाकलं, थोडे वर आले, थरथरले आणि मागे बसले. पुन्हा केलं. पुन्हा बसले. तिसऱ्यांदा ते जरा जास्तच मागे गेले आणि हातांवर सावरले. मुलगा खाली बघत होता. वडिलांना हरवायला आपण आलो नव्हतो, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि काकांना तेच जास्त लागलं. त्यांच्या डोळ्यांपुढे ती घंटी आली.

तेव्हा काकू उठल्या. त्यांनी पुस्तकात खूण घातली, आपली लाकडी खुर्ची उचलून दिवाणखान्याच्या मधोमध आणून ठेवली, चहाचे कप गोळा केले आणि कोणाकडे न बघता आत निघून गेल्या.

काका खुर्चीकडे बघत राहिले. ही खुर्ची त्या हलवत नसत. मग त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या खिशात ठेवला, कारण चष्मा नसला की समोरच्यांचे चेहरे धूसर होतात, आणि ते कुशीवर वळले. हातागुडघ्यांवर आले. चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार आणि पोटचा मुलगा यांच्या मधून, फरशीवरून, ते रांगत खुर्चीपर्यंत गेले. बैठकीवर हात टेकले, एक पाऊल पुढे घेतलं, आणि उभे राहिले. उभे राहिल्यावर त्यांनी चष्मा घातला. कोणीही हसत नव्हतं. सेक्रेटरी तर आधीच कुशीवर वळलेले होते.

त्यानंतर कार्यकारिणी एकेक करून खुर्चीपर्यंत रांगत आली. सेक्रेटरी उठले तसे सरळ स्वच्छतागृहात गेले. बाई उठल्या आणि त्यांनी वर्गाला सांगावं तसं स्वतःला शाबास म्हटलं. कॅप्टन सर्वांत शेवटी उठले आणि म्हणाले, जहाजावरही कधी कधी अशीच पद्धत असे. जाताना सेक्रेटरींनी ठरावात दुरुस्ती सुचवली की सोफा आहे तिथेच कायम ठेवावा, मात्र त्याच्या दोन्ही अंगांना धरायला भक्कम दांडे बसवावेत. दुरुस्ती उभ्याउभ्याच मंजूर झाली.

दिवाणखान्यात बापलेक उरले. मुलगा उठायला गेला आणि बसला. एक हात टेकून पाहिला, दुसरा टेकून पाहिला. तो हसला, मग हसायचा थांबला. मोठ्या माणसाच्या तोंडावर एवढी भांबावलेली मुद्रा काकांनी शोरूममध्ये पुष्कळ पाहिली होती, पण मुलाच्या तोंडावर ती बऱ्याच वर्षांनी दिसली.

"बाबा, हात द्या ना," तो म्हणाला.

काकांनी हात पुढे केला आणि थांबले.

"देतो. पण आधी एकदा ये बघू खुर्चीपर्यंत," ते म्हणाले. "तू पहिल्यांदा उभा राहिलास तो इथेच, आईच्या याच खुर्चीला धरून. तिथून रांगत आला होतास. आम्ही दोघं बघत होतो, पण हात कोणी दिला नव्हता. आई म्हणाली, थांबा जरा, तो उठेल."

मुलगा खुर्चीकडे बघत राहिला. मग त्याने खिशातला फोन काढून बाजूला ठेवला, कुशीवर वळला आणि हापिसच्या इस्त्रीच्या विजारीत रांगत आला. खुर्चीवर हात टेकले, पाऊल पुढे घेतलं. तो उभा राहिला तेव्हा काकांनी नकळत त्याच्या मागे हात धरला होता, पडलाच तर असावा म्हणून.

मुलाने गुडघे झटकले. "विषय बंद," तो म्हणाला. काकांनी त्याच्याकडे न बघता त्याला खुर्ची दाखवली आणि बस म्हटलं. मुलगा म्हणाला, नको, उभाच बरा आहे.

काकू चहा घेऊन आल्या. त्यांनी दोघांच्या हातात कप दिले, खुर्ची उचलून पुन्हा खिडकीपाशी नेली, तीत बसल्या आणि पुस्तकात आपण कुठे होतो ते शोधू लागल्या.